जमिनीवरच्या रजया

डांबराच्या गोळ्यांचा वास आला की चंदीगडच्या आर्मी क्वार्टरमधली जूनची ती दुपार आठवते. नवरा ड्यूटीवर होता, माझा जरा डोळा लागला होता आणि जाग आली तेव्हा पाच वर्षांची लेक घरात दिसेना. हाका मारल्या, उत्तर नाही. पळत बाहेर जाणार, तोच दाराची वरची कडी दिसली. ती आतून लागलेली होती आणि तिथवर लेकीचा हात पोचत नव्हता. म्हणजे ती घरातच होती. मग गप्प का? पलंगाखाली, कपाटात, बाथरूममध्ये कुठेच नव्हती. तेवढ्यात कोपऱ्यात जमिनीवर पडलेल्या रजया दिसल्या. त्या तर मी थंडी संपल्यावर डांबराच्या गोळ्या घालून लोखंडी ट्रंकेत भरल्या होत्या. म्हणजे ट्रंक रिकामी होती. धावले. झाकण पडताना बाहेरची कडी अडकली होती. उघडलं तर लेक घामाने निथळत होती, ओठ पांढरे पडलेले. “मम्मा, मैं छुपी थी,” ती पुटपुटली. “मग आवाज का नाही दिलास गं?” “दिया था.” आता ती आयटी पार्कमध्ये नोकरी करते आणि हा किस्सा हसत सांगते. मला मात्र रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण वाचवत नाही. तिथला डिटेक्टिव्हही असाच एकेक शक्यता खोडत उत्तरापर्यंत पोचतो, पण किती सावकाश!