काळ्या काचेतला दादा

लेकाच्या कॉम्प्युटरवर रेसची गाडी पाण्यासारखी सरसर पळते. नव्वदच्या दशकात, आमच्या कोपर गावातल्या घरात, तशीच गाडी गचके खात जायची. एका दुपारी खेळता खेळता मला मळमळलं.

"थांब गं, मशीनला एवढं मोठं चित्र झेपत नाहीये," मागे उभा असलेला दादा म्हणाला. त्यानं वाकून चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं केलं. गाडी सुरळीत धावू लागली. भोवती नुसती काळी काच उरली, आणि तिच्यात माझ्या खांद्यावरून डोकावणारा त्याचा चेहरा. मी मात्र गाडीच बघत होते.

त्याच वर्षी दादा गेला.

काल लेकाला म्हटलं, "चित्र लहान कर ना रे."

"कशाला आई? मस्त स्मूथ चाललंय!"

तरी त्यानं केलं. या नव्या, न चमकणाऱ्या काचेत कुणाचाच चेहरा उमटत नाही. पण दादा मागे उभा आहे असं वाटत राहावं, म्हणून मी वळून पाहिलं नाही.