सगळे सावनेरला

आमच्या वेळच्या टाइपिंगच्या परीक्षेत स्वतःच्या कागदाकडे बघणारा नापास होत असे. नजर मसुद्यावर, बोटं कळांवर. नागपूरच्या एका सरकारी कचेरीत मी अठरा वर्षं असंच टाइप केलं आणि त्याचा मला गर्व होता.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा कचेरीत पहिला संगणक आला. त्याला थंडगार खोली मिळाली. आम्ही मे महिन्यात ओल्या पंच्यानं मान पुसत होतो. साहेबांनी त्याच्यापुढे नारळ फोडला आणि म्हणाले, "मशीन चुकत नाही." टाइप केलेला कागद दोघांनी मोठ्यानं वाचून मसुद्याशी ताडायची जुनी पद्धत त्यांनी त्याच दिवशी बंद केली.

शिकवायला आलेल्या माणसानं एक युक्ती दाखवली. पडद्यावर उभा पट्टा निवडला की सगळ्या ओळींमधला तेवढाच रकाना एकदम सरकवता येतो, आणि एकदा टाइप केलेलं सगळ्या ओळींत उमटतं. रकाना सरळ यावा यासाठी टाइपिस्ट जीव टाकतो. मी तर हरखूनच गेलो.

मग नेमणुकांची यादी आली. तीस नावं, पहिलं साहेबांचं. एकोणतिसांपुढे नागपूर आणि माझ्यापुढे दूरचं तालुक्याचं गाव सावनेर, कारण साहेबांच्या मेहुण्याला माझी खुर्ची हवी होती. माझ्या मुलीच्या पायाचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं. आठवड्यातून तीनदा तिला व्यायामासाठी नागपुरातच, धंतोलीतल्या दवाखान्यात न्यावं लागे. खंड पडला तर पाय पुन्हा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि सावनेरला बिऱ्हाड करून राहणं सक्तीचं होतं.

माझी ओळ मी शेवटपर्यंत कोरी ठेवली. गावांचा रकाना निवडून सरळ केला, पट्टा सोडायला विसरलो आणि सवयीनं मसुद्याकडे बघत सावनेर टाइप केलं. तेव्हा संगणकाला इंग्रजीच येई. नागपूरची सहा अक्षरं, सावनेरचीही सहा. नागपूर पुसून तीसही ओळींत सावनेर बसलं, आणि रकाना कसा अगदी सरळ! साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचता सही केली. यादी फळ्यावर लागली.

"काहून गा, मले सावनेरले धाडून राहिला काय?" हेडक्लार्क माझ्या अंगावरच आले.

"साहेबबी चालले जी! मंग इथं कोन राहते?" शिपाई हसू दाबत म्हणाला.

साहेबांनी यादी तिथल्या तिथे रद्द केली. मला आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. यादीबरोबर माझं सावनेरही गेलं, असं समजून मी सगळ्यांना चहा पाजला. यंत्राला मनातल्या मनात हात जोडले.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. "चूक एकोणतिसांपुरती आहे. तुमच्या बाबतीत मशीन बरोबर आहे."

मी मुलीच्या पायाचं सांगितलं. ते म्हणाले, "अर्ज द्या." मी दिला. तो अजून विचाराधीन असावा.

नवी यादी जुन्या टाइपरायटरवर मलाच करायला लावली. शेवटच्या, माझ्या ओळीला मी आयुष्यात पहिल्यांदा कागदाकडे बघत, एकेक कळ दाबली. दोघांनी ती मसुद्याशी ताडून वाचली आणि एकही चूक निघाली नाही.

मुलगी आजही डावा पाय ओढत चालते.