सुट्टी न मिळालेला जावई

खंबाटकीचा घाट संपला आणि मी एसटीची काच ढकलून डोकं बाहेर काढायच्या बेतात होते. किती वर्षांनी दिवाळीला गावी चालले होते! हवेत नुकती थंडी आली होती.

"डोकं आत घे," आई म्हणाली. "आणि लक्षात ठेव. जावयाला सुट्टी मिळाली नाही."

हे ती स्वारगेटपासून घोकून घेत होती. खरं असं, की आषाढातच मी आणि नवरा रीतसर वेगळे झालो. आईनं ते तिच्या सासरी-माहेरी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या नव्या भाड्याच्या घरातही तिनं अजून पाऊल टाकलं नव्हतं. 'लोक काय म्हणतील' हा आमच्या घराण्याचा जुना आजार. सणात तो बळावतो. सणाचा विचका नको म्हणून मी मान डोलावली, पण खोटं बोलले की माझं नाक लाल होतं.

साताऱ्याच्या स्टँडवर कंदी पेढे घेतले. पेढेवाल्यानं एक हातावर ठेवला. "खाऊन बगा ताई, मग घ्या." खाल्ला, आणि ठरल्याच्या दुप्पट घेतले. कराडला नदीच्या पुलावर अर्ध्या गाडीनं हात जोडले. त्यापुढं दोन्ही बाजूंना नुसता ऊस, आणि मधूनच आमची वाट अडवून डुलत चाललेली उसाची ट्रॉली. इस्लामपुरात उतरून वडापनं (भरल्याशिवाय न सुटणारी जीप) गाव गाठलं. माझ्या मांडीवर कुणाचं तरी फराळाचं पातेलं होतं आणि मी भलतीच खुशीत होते.

मोठी काकी दारातच होती. भाकरतुकडा ओवाळून टाकत तिनं विचारलं, "जावई कुटं हाईत?"

"सुट्टी नाही मिळाली," आई म्हणाली.

काकीनं मान हलवली. आमच्या गावात घराआड एक जण फौजेत. सुट्टी न मिळणं इथं कुणालाही पटतं. सुटलो बाई, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाडवा. आमच्याकडं दिवाळीत पहाटे अंगणात शेणाच्या गवळणी (बोटभर मूर्ती) मांडतात, पाडव्याला पांडव. काकी, धाकटी वहिनी आणि मी शेणात कोपरापर्यंत हात घालून बसलो. वहिनीचा नवरा, म्हणजे माझा चुलतभाऊ, सीमेवर असतो.

"सांजच्याला ही फोन लावून ओवाळती त्याला," काकी म्हणाली. "तिकडं त्यो टोपी घालून बसतोय, हिकडं ही ताट धरती. तुजाबी लावू. सुट्टी न्हाई त्येला काय हुतंय?"

पुण्याहून बांधून आणलेल्या थापेवर इथं औषध तयार होतं. माझ्या हातात भीम होता. नाक लाल झालंच असणार.

"काकी, फोन लावू कुणाला? आम्ही वेगळे झालो. आषाढातच."

रांगोळीचा डबा घेऊन आलेली आई उंबऱ्यावरच थांबली. काकीचा अंगठा अर्जुनाच्या डोक्यावर तसाच राहिला.

"मारत हुता?"

"नाही. पटलंच नाही."

"खातीस-पितीस न्हवं नीट?"

"हो."

"मग सांजच्याला बापाच्या जागी काकास्नी ओवाळ. लेकी बापाला ओवाळत्यातच की. आन त्यो भीम दे हिकडं, लय वाळका केलायस."

इतकंच. मला रडू आलं, पण हात शेणात, डोळे पुसायचे कशानं? वहिनीनं तिच्या पदरानं पुसले.

संध्याकाळी मी काकांना ओवाळलं. वहिनीच्या फोनची रेंज ऐन वेळी गेली आणि भाऊ डोळे मिटून, तोंड उघडं ठेवून पडद्यावर गोठला. वहिनीनं तशालाच ओवाळलं. हसून हसून माझं पोट दुखलं. आई तेवढी हसली नाही. "दोन दिवस कळ काढवली नाही तुला," म्हणाली आणि निरांजन उचलून आत गेली.

भाऊबीजेला आम्ही सांगलीला निघालो. माधवनगरला, बंद पडलेल्या गिरण्यांच्या मागच्या गल्लीत मामाचं घर. मामा पाटावर बसला, आईनं ताट उचललं आणि त्यानं विचारलंच, "जावई न्हाई आलं व्हय, आक्का?"

मी छताकडं बघायला लागले. पुण्यात तीस वर्षं आई अगदी शुद्ध, मोजूनमापून बोलत आलीय.

"न्हाई रं," ती म्हणाली. "दोगं येगळी झाली. लेक आलीया की माजी." आणि तिनं मामाला टिळा लावला.

मामा मामीला म्हणाला, "तिचंबी पान मांड. लांबनं आलीया."

परतीच्या एसटीत आम्ही दोघी भडंग खात बसलो. सणाच्या गोतावळ्याचा ताण आला की दीर्घ श्वास घे, गच्चीवर जाऊन ये, असं मैत्रिणींनी बरंच शिकवून पाठवलं होतं. त्यातलं काहीच करायला वेळ मिळाला नाही. माणसांचा मला धाक होता, तो त्यांच्यात जाऊन बसल्यावरच गेला. आईचा गेला की नाही, कळत नव्हतं.

साताऱ्याला चढलेल्या बाईंनी तिला विचारलं, "लेक का वो?"

"व्हय," आई म्हणाली. "तिच्याच घरी चाललीया मी, चार दिस ऱ्हायला."