करंट ऐकणारी खैरूआपा

खैरूआपा गेली, ही बातमी मला माझ्या मुलीने पुण्याहून फोन करून दिली. आपाचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये फक्त एक भिंत आहे. मी नर्स, त्या सकाळी दवाखान्यात ड्युटीवर होते, आणि आपाच्या मुलाने पहिला फोन लावला तो सुजाताला. आपा तिची खाला, म्हणजे मावशीच. "आई, खाला गेली," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी म्हटलं, "मी बघते काय करायचं ते." करण्यासारखं काही उरलं नव्हतं... आणि असतं तरी मला कुणी विचारलं नसतं.

आपाचा नवरा मस्कतला नोकरीला. त्याने पाठवलेला ट्रान्झिस्टर दिवसभर तिच्या कानाशी, कारण शेजारच्या कापडाच्या लूमच्या खडखडाटात एरवी गाणं ऐकूच यायचं नाही. ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं, की मीटरजवळ गेलं की रेडिओ गुणगुणतो. झालं! दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी काटा ठेवायचा आणि रेडिओ वायरीच्या पट्टीजवळून फिरवायचा. करंट असेल तिथे घूं... वायर तुटली असेल तिथून पुढे गप्प. कुठे हात लावायला नको. गल्लीत कुणाकडे दिवे गेले, की वायरमनच्या आधी आपाला हाक. तीही मिरवायची. रेडिओ छातीशी धरून डॉक्टरीणबाईंसारखी निघायची. दवाखान्यातली खरी मी, पण मला हाक यायची ती इंजेक्शनपुरती.

गाड्यांचंही तेच. पेट्रोलच्या गाडीच्या प्लगमध्ये ठिणगी पडली, की रेडिओत टरटर वाजतं. आमचे हे भाड्याची मोटार चालवायचे, गणेशपुरीच्या फेऱ्या मारायचे. गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत आपा भिंतीपलीकडून ओरडायची, "अगो, भात टाक! तुझा नवरा आला!" माझा नवरा आल्याचं मला तिने सांगायचं! एकदा गाडी झटके देत होती. हे मला न सांगता थेट तिच्या ओट्याशी गेले. बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून तिने रेडिओ प्लगच्या एकेका वायरीजवळ नेला. "ही बोलते, ही बोलते... ही मुकी हाय. हिच्यात करंटच येत न्हाय." ह्यांनी ती वायर बदलली, गाडी सुरळीत. मग दोघं कितीतरी वेळ हसत बसले. मी दारातून विचारलं, "जेवायला तिथेच वाढू का?"

"वाढ की," आपा म्हणाली. "मलापण वाढ."

हे सगळं मी चालवून घेतलं. एक गोष्ट मात्र घशाखाली उतरली नाही. सुजाता पाचवीत होती. शाळेतून आली, दप्तर ठेवायला लोखंडी कपाटाच्या दाराला हात लावला आणि किंचाळली. मी स्वयंपाकघराच्या दारात, हात पिठाने भरलेले. ती माझ्याकडे येणार म्हणून मी हात पसरले. ती माझ्या बाजूने "खाला, खाला" करत बाहेर धावली. शॉक लागलेल्या पोरीची आधी नाडी बघायची, हे मला ठाऊक. पण नाडी गेली शेजारच्या घरात.

आपा आली. एका हाताने पोरीला कवटाळलेलं, दुसऱ्या हातात रेडिओ. कपाटापासून वीतभर लांब धरला, तरी घूं. "कपाटात करंट उतरलाय. हात लावू नको, मेन पाड." मेन मी पाडला. कपाट मी सरकवलं. मागे चेपून सोललेली फ्रीजची वायरही मीच शोधली. गल्लीत मात्र गोष्ट सांगितली गेली ती रेडिओची. त्या दिवशी सुजाता जेवली आपाच्याच हातून. "भेदरलीय गो, राहू दे थोडी," आपा म्हणाली. थोडी... ती पोरगी पुरती परत कधी आलीच नाही, असं मला अजून वाटतं.

तिने डिप्लोमा केला तोही इलेक्ट्रिकलचा. पुण्यात नोकरी लागली तेव्हा माझ्यासाठी साडी आणली आणि खालासाठी वायरीजवळ नेलं की पिंपिं वाजणारा, पेनसारखा टेस्टर. आपाने तो लगेच ह्यांच्या गाडीच्या बॅटरीच्या वायरीला दाखवला. पेन गप्प. सुजाता समजावत होती, "खाला, बॅटरीचा करंट वेगळा असतो, तो याला कळत नाही." आपा म्हणाली, "गाणी लागत न्हाईत, बॅटरी कळत न्हाय. मग ह्याचा उपयोग काय गो?" दोघी हसल्या. मी साडीची घडी मोडून काठ बघत राहिले.

आपाच्या चाळिसाव्या दिवसाला सुजाता आली. आपाच्या दारात चपला काढल्या, आत बसली, मग अनवाणीच माझ्याकडे आली आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. इतक्या वर्षांनी. आपा असताना हे झालं असतं, तर मी जिंकले, असं म्हटलं असतं.

संध्याकाळी तिच्या चपला उचलून मी माझ्या दाराशी आणून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी निघताना तिने बॅग घेतली, मला वाकून नमस्कार केला, त्या चपला न बघताच ओलांडल्या आणि सरळ पलीकडच्या दाराशी जाऊन उभी राहिली. खाली बघत होती.

"आई, माझ्या चपला?"

"इथे आहेत," मी म्हटलं.

ती बराच वेळ वळली नाही.