कॅमेऱ्याखालची खुर्ची

१७ जुलै २०२३. रुपये १,३४९. कॉलरला लावायचा माइक, नग एक.

वाणिज्य विभागाचा प्रमुख म्हणून मी कॉलेजच्या खरेदी समितीवर असतो, त्यामुळे ते बिल माझ्या टेबलावर आलं. हजारावरच्या खरेदीला तीन दुकानांची दरपत्रकं लागतात. जोडलेलं एकही नव्हतं. मी हजार रुपये किरकोळ खर्चात मंजूर केले, उरलेल्या ३४९ पुढे 'दरपत्रके जोडावीत' असा शेरा मारला आणि बिल परत पाठवलं. ज्या मुलीनं पदरचे पैसे घालून तो माइक आणला होता, तिला मी तोवर नीट पाहिलंही नव्हतं.

क्रांती पानस्कर. गाव पाटण. भौतिकशास्त्राची पदवी, पुढचं शिक्षण बाहेरून चालू, करारावर तांत्रिक सहाय्यक. प्राध्यापकांचे धडे चित्रित करायचे, त्यांच्या टिपणांच्या पुस्तिका करायच्या आणि सगळं इंटरनेटवर कोणालाही वापरता येईल असं खुलं ठेवायचं, हे तिचं काम. आमचं कॉलेज सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर. इथली मुलं तिघांत मिळून एका पुस्तकाची झेरॉक्स काढतात. तेव्हा काम गरजेचं होतं, एवढं मलाही कळत होतं.

अवघड होतो ते आम्ही. पंचवीस-तीस वर्षं वर्ग गाजवलेली माणसं रिकाम्या खोलीत कॅमेऱ्यासमोर उभी राहिली की शोकसभेत बोलावं तशी बोलायची. इतिहासाच्या गोपाळकृष्ण सरांनी तर पहिल्या चित्रणात आधी हजेरी घ्यायला सुरुवात केली. एकापासून चौदापर्यंत नंबर पुकारल्यावर ते भानावर आले.

"सवय हो," ते ओशाळून म्हणाले. "हजेरीशिवाय माझा तासच सुरू होत नाही."

"मग घ्या की सर," क्रांती म्हणाली आणि एक खुर्ची ओढून कॅमेऱ्याच्या बरोबर खाली बसली. "एक नंबर, हजर."

त्या दिवसापासून ती खुर्ची तिथंच राहिली. प्रत्येक धड्याला ती वही घेऊन खाली बसायची. कळलं की मान हलवायची, न कळलं तर हलवायची नाही. बोलणाऱ्याला नकळत तेच पुन्हा, जरा सोपं करून सांगावंसं वाटायचं. कधी ती पहारेकरी धुळालाही शेजारी बसवायची. म्हसवडकडचा हा माणूस पानिपतच्या धड्याला मध्येच बोलला, "आवं सर, आपली मान्सं हरली ती उपाशी व्हती म्हणून का?" गोपाळकृष्ण सर त्यावर आणखी बारा मिनिटं बोलले. त्यांचा सगळ्यात चांगला भाग तोच आहे.

सप्टेंबरात ती माझ्याकडे आली. माझ्या टिपणांच्या अठ्ठावीस वर्षांच्या वह्या कपाटात वर्षवार लावलेल्या आहेत. तिनं त्या पाहिल्या, पण हात लावला नाही.

"सर, यातले सहा धडे द्या."

"आणि मग ते कोण वापरणार?"

"कुणीही. नाव तुमचंच राहील."

"म्हणजे उद्या म्हसवडच्या एखाद्या सरांनी माझीच टिपणं वर्गात वाचून दाखवली तर?"

"तर तिथल्या पोरांना हिशेबाची तेरीज जमंल, सर."

मला हे उत्तर आवडलं नाही. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही, असं काहीसं मी बोललो. ती "बरं" म्हणाली. त्यानंतर दर महिन्याच्या एक तारखेला ती दारात यायची, "सर, या महिन्यात?" एवढंच विचारायची आणि जायची.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात धुळा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"सर, राग मानू नगा. त्या पोरीचं कसं हुयाचं?"

"काय झालं तिला?"

"एकतीस मार्चपतोर सगळ्या विभागांचं सा-सा धडं झालं न्हाईत, तर तिला पुढचं नेमणुकीचं पत्र न्हाई. आठ विभागांचं झालं. ऱ्हायलंय ते फकस्त तुमचं."

"तिनं सांगितलं तुला?"

"ती कशाला सांगतीया! प्राचार्यांना च्या द्यायला गेलो तवा कानावर आलं. नोकरी गेली की बा तिचं लगीनच लावतोय बघा. शिक्षण ऱ्हायलं बाजूला."

दर एक तारखेला दारात येणाऱ्या या मुलीनं सहा महिन्यांत हे एकदाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी दबाव समजलो असतो, हेही खरं. दुसऱ्या दिवशी मी १९९६ची वही घेऊन चित्रणाच्या खोलीत गेलो. तिनं माइक माझ्या कॉलरला लावला. तोच माइक.

पहिले चार धडे बरे झाले. दुसऱ्या धड्यात मी मुलांना नेहमी सांगतो ती युक्ती सांगितली होती: तेरजेत नावे आणि जमा या दोन्ही बाजूंची बेरीज सारखी यायला हवी. आली नाही, तर फरकाला नवानं भागून पाहा. नि:शेष भाग गेला, तर कुठंतरी दोन आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव असतो.

पाचव्या धड्यात फळ्यावर माझीच तेरीज जुळेना. फरक ५४० रुपये. मी पुन्हा बेरीज केली. पुन्हा ५४०. कॅमेरा चालू, कपाळाला घाम. अठ्ठावीस वर्षांत वर्गात असं झालं नव्हतं. मी "बंद कर" म्हणणार, तेवढ्यात खाली पाहिलं. क्रांतीची मान हलत नव्हती. तिनं हळूच दोन्ही हात वर केले आणि एक अंगठा मुडपला. नऊ बोटं.

पाचशे चाळीस भागिले नऊ, साठ. मी एकेक रक्कम पडताळत गेलो. खरेदीच्या ७,८२० ऐवजी मी ७,२८० लिहिले होते. दुरुस्त केलं. जुळलं. तिनं मान हलवली. मला अतिशय बरं वाटलं.

"तेवढा भाग काढून टाक," मी नंतर म्हणालो.

"नको सर. जुळलेली तेरीज पोरं पुस्तकात रोज बघत्यात. चुकलेली शोधताना सर कसं करत्यात, ते कुठं बघायला मिळतं?"

"माझं हसं होईल."

"हसूद्या की. शिकतील तर."

मी ठेवू दिलं. सहावा धडा ३० मार्चला झाला. तिला अकरा महिन्यांचं पत्र मिळालं, त्यानंतर आणखी एकदा मिळालं, आणि तिचं पुढचं शिक्षण पूर्ण झालं. माझ्या सहा धड्यांत पाचवाच सर्वांत जास्त पाहिला जातो. म्हसवडच्या एका सरांचं पत्रही आलं. त्यांनी तो वर्गात दाखवला होता. ते पत्र मी १९९६च्या वहीत ठेवलं आहे. बाकीच्या वह्या मात्र आता क्रांतीच्या कपाटात आहेत, वर्षवारच लावलेल्या.

येत्या ३१ मेला मी निवृत्त होतोय, म्हणून जुने कागद हातावेगळे करत होतो. त्यात त्या बिलाची माझ्याकडची प्रत निघाली. वस्तू आधीच घेतलेली, त्यामुळे दरपत्रकं आता जोडता येत नाहीत आणि शेरा माझ्याच सहीचा आहे. मी खिशातून पैसे काढून क्रांतीपुढे धरले.

"ते कॉलेजचं देणं हाय सर, तुमचं न्हाई," ती म्हणाली आणि नोटा माझ्या हातात परत ठेवल्या.

क्रांती पानस्कर यांचे ३४९ रुपये देणे बाकी आहेत.