घरच्या बाईची ओटी

डिंभ्याला बदली झाली तेव्हा शाळेतले सहकारी माझ्याकडे सुतकात भेटायला आल्यासारखे बघत होते. तिथं एसटी वेळेवर येत नाही, फोनला रेंज नाही, भाजी मिळायची तर घोडेगावला जावं लागतं. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. पिंपळवंडीत, माझ्या माहेरच्या गावात, दिसेल तो एकच विचारायचा, "मग, पावणं काय म्हणत्यात?" पावणं म्हणजे माझा नवरा. त्याला सोडून येऊन मला दोन वर्षं झाली होती, कागदावर घटस्फोटही झाला होता, पण गावाच्या लेखी तो अजून पावणाच होता.

या माणसाला मिठाचा राग होता. आमटीत मीठ कमी पडलं, जास्त पडलं, की ताट भिंतीवर जायचं. नऊ वर्षांत मला अशी सवय लागली की समोरच्यानं घास खाल्ल्याशिवाय, त्याचा चेहरा बघितल्याशिवाय मला जेवता यायचं नाही. एकटी असले की मी बहुतेक उपाशीच झोपायचे. वर्गात चाळीस पोरांना दरडावणारी बाई मी, आणि ताटापुढं बसले की माझे हात गार पडायचे.

डिंभ्यात मी एका विधवेच्या घरी भाड्यानं खोली घेतली. ती माझ्याच वयाची. तिचा नवरा धरणाच्या पाण्यात होडी उलटून गेला होता. सासू तिला पांढऱ्या पायाची म्हणाली आणि त्याच आळीत थोरल्या मुलाकडे राहायला गेली. ही मागं एकटी राहिली, आणि ज्या पाण्यानं नवरा नेला त्याच पाण्यात जाळी टाकून पोट भरायला लागली. घोडेगावच्या बाजारात मासळी विकायची. श्रावणात मासळीला कुणी विचारत नाही, तेव्हा भीमाशंकरच्या रस्त्यावर भक्तांना मक्याची कणसं भाजून द्यायची. तिच्या अंगाला कायम धुराचा नाहीतर पाण्याचा वास यायचा. तो वास मला आवडतो हे कळायलाच मला वर्ष लागलं, एवढी मी हुशार.

आमचं जेवण एकत्र व्हायला लागून आठवडा झाला असेल. एक दिवस ती म्हणाली, "बाई, तुमी ताट पुढ्यात घेता आन माज्याच तोंडाकडं का बगत बसता?"

मी सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्याच ताटातली भाजी बोटानं घेतली, चाखली आणि म्हणाली, "मीठ बराबर हाय. जेवा."

त्यानंतर सहा वर्षं, रोज दोन्ही वेळा, तिनं माझं ताट उष्टं केलं. 'जेवा'चं 'जेव' कधी झालं ते आठवत नाही. एवढं आठवतं, की एका थंडीत मला ताप आला, ती माझ्या गोधडीत शिरली आणि ताप उतरल्यावरही परत आपल्या अंथरुणावर गेली नाही. मला तिच्यावर प्रेम जडलं होतं. बायको नवऱ्यावर करते म्हणतात तसं. मला नवऱ्यावर कधी करता आलं नव्हतं तसं. तिला मी नावानं हाक मारत नसे, नुसतं 'अगं' म्हणायचे. गावातल्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत तसंच काहीसं ते होतं, आणि ती त्यावरून मला चिडवायची.

तिनं माझं दुखणं असं बरं केलं. तिचं दुखणं मला रोज दिसत होतं, त्याचं काय करायचं ते मात्र सुचत नव्हतं. संक्रांतीला आळीतल्या बायका हळदीकुंकवाला तिच्या दारावरून पुढं जायच्या. त्या दिवशी ती दार लावून जाळी विणत बसायची. पुतण्याच्या लग्नात नवरीची ओटी भरताना जाऊबाई तिला म्हणाली, "तू जरा मागं सर." ती हसत मागं सरली. घरी येताना मला म्हणाली, "धा वर्षं झाली, माजी वटी कुनी भरली न्हाई. माहेरातनं निगतानी बी मोकळीच येती." ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं, आणि पुढं त्यानंच घात केला.

सहा वर्षांनी माझी बदली पिंपळवंडीजवळ झाली. आई एकटी, तिचे गुडघे गेलेले. मी हिला म्हटलं, "चल माझ्याबरोबर."

"तितं मी कोन?"

"माझी."

दोन महिने तिनं उत्तर दिलं नाही. मग दिवाळीनंतर एक दिवस स्वतःच्या खाचरातल्या तांदळाचं पोतं घेऊन एसटीतून उतरली. महिनाभर राहून बघते म्हणाली. आईनं आठ दिवस तिच्याकडे तिरक्या नजरेनं बघितलं. नवव्या दिवशी मला म्हणाली, "भाकरी तिलाच करू दे. मऊ असती. तू आपली शाळा बग." आईकडून याच्यापेक्षा मोठा आशीर्वाद मिळणं शक्य नव्हतं.

महिना संपला तेव्हा ती म्हणाली, "चार दिस जाऊन येती. कोंबड्या जावंला देती, जाळी आनती आन घराला कुलूप घालती." म्हणजे कायमचं. मला इतका आनंद झाला की माझं डोकं चाललं नाही.

ती निघाली त्या सकाळी मी तिला पाटावर बसवलं. नवा खण, नारळ, हळकुंड, सुपारी. कुंकू लावलं. मी नवरा सोडलेली, आई विधवा, शेजारची काकू दारात तोंडाला पदर लावून उभी. ओटी भरायचा अधिकार त्या घरात कुणालाच नव्हता, म्हणून मी भरली. तांदूळ तिच्याच पोत्यातले घेतले.  तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मला वाटलं, दहा वर्षांचा सल निघाला. उठताना तिनं ओटीतले चार दाणे आमच्या उंबऱ्याच्या आत टाकले. सासरी जाणारी लेक माहेर भरलेलं राहावं म्हणून टाकते तसे. ते बघूनही मला कळलं नाही.

चार दिवस झाले. आठ झाले. फोन लागेना. परीक्षा चालू होत्या, रजा मिळेना. वीस दिवसांनी मी डिंभ्यात उतरले, तर सासू हिच्या घरात खाटेवर होती. म्हातारी पडली होती, खुबा मोडला होता, जाऊबाईंनी हात वर केले होते.

"कधी पडल्या?"

"बारा दिस झाले."

"तू तर चौथ्या दिवशी येणार होतीस!" मी ओरडलेच.

तिनं चुलीत लाकूड सारलं. मग हळूच म्हणाली, "वटी पावनीची भरत्यात गं. जानाऱ्या बाईची. घरची बाई चार दिस गावाला निगाली तर तिची कोन वटी भरतं? मला वाटलं, तुज्या आयला जड झाली आसंन मी. तुलाच तोंडानं सांगवंना, म्हनून मानानं वाट लावलीस."

मी कपाळावर हात मारून घेतला. सगळं सांगितलं, रडले, तिलाही रडवलं. तिला पटलं. पण म्हातारीला उचलून बसवायला दुसरं कुणी नव्हतं, आणि माझ्या आईला तिकडं. ज्या सासूनं पांढऱ्या पायाची म्हटलं तिला ती घास भरवत होती. "हिला टाकून आली तर तुज्याकडं बी सुकानं जेवाया यायचं न्हाई मला," ती म्हणाली.

याला आता दोन वर्षं झाली. शनिवारी शाळा सुटली की मी डिंभ्याला निघते, रविवारी परत येते. मधले दिवस आई आधी घास घेते आणि न सांगता मान हलवते. तिला कुणी सांगितलं ते मी विचारलं नाही.

गेल्या रविवारी मी पिशवी उचलली तेव्हा म्हातारी खाटेवरून सुनेला म्हणाली, "अगं, ती बाई निगाली नव्हं? मोकळीच धाडतीस व्हय? चार दानं तरी घाल पदरात."

ती भांडी घासत होती. तिनं मान वर केली नाही.

"तिची कशाला भरायची?" ती म्हणाली. "ती घरचीच हाय."

मी तशीच एसटीत चढले आणि घोडेगाव येईपर्यंत रडत होते.