फुफूचा इस्तिखारा आणि माझं ऑनर्स

आधीच सांगून ठेवते, मी गणित शिकवण्यात जन्म घालवलेली बाई आहे. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते. या पानावर तुम्ही लोक जे लिहिता... पैंजणांचा आवाज, पांढरी साडी, विहिरीवरची बाई... ते वाचून मला हसू येतं, आणि कधी कधी चीडही. तेव्हा खाली कॉमेंटमध्ये "आंटी, भास झाला असेल" असलं काही लिहायला येऊ नका. भास एकाला होतो. त्या खोलीत आम्ही तिघं टक्क जागे होतो.

आज लिहायला बसले कारण घरात सगळे माझ्यावर फुगलेत. नातीला इथल्या एका युनिव्हर्सिटीच्या ऑनर्स कॉलेजमध्ये घेतलंय. जावं, की आपली साधी डिग्री करावी, यावर शारजात, अल मजाजच्या आमच्या फ्लॅटमध्ये रोज डोकेफोड चालते. परवा मुलगा म्हणाला, "अम्मी, तूच कर ना तिच्यासाठी इस्तिखारा." मी म्हटलं, "खलास! हा शब्द पुन्हा माझ्यासमोर काढलास तर याद राख." नात म्हणते, "दादी, व्हाय आर यू सो अँग्री?" तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी... मोठा निर्णय असला की आमच्यात दोन रकात नफिल, म्हणजे ऐच्छिक, नमाज पढतात, दुआ मागतात आणि वजूनिशी, म्हणजे नमाजसाठी हातपाय धुतलेले तसेच, उजव्या कुशीवर झोपतात. स्वप्नात काही दिसतं, नाहीतर उठल्यावर मन एका बाजूला कलतं. हा इस्तिखारा. ज्याचा प्रश्न त्यानेच करायचा, हे मौलवी कंठशोष करून सांगतात. पण आमच्या रत्नागिरीकडच्या लोकांना झोपसुद्धा दुसऱ्याकडून काढून घ्यायची खोड! घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या बाईला झोपवायचं, आणि ती उठून सांगेल ते मुकाट ऐकायचं.

आमच्या घरात ही बाई म्हणजे फुफू, अब्बांची थोरली बहीण; अब्बा तिला बुबू म्हणायचे. नवरा लवकर गेला, अब्बांना तिनेच वाढवलं, त्यामुळे अब्बा तिच्यापुढे पन्नाशीतही शाळेतल्या पोरासारखे उभे राहायचे. साठच्या दशकातली गोष्ट आहे ही. यूएई हे नावही तेव्हा नव्हतं. बर दुबईत खाडीच्या मागच्या गल्लीत आमचं भाड्याचं घर, आणि बाजारात अब्बांचं कापडाचं दुकान. देऱ्याहून आपली माणसं होडीने खाडी ओलांडून फुफूकडे यायची. मुलगी द्यायची का, भागीदारी करायची का, लाँच घ्यायची का... फुफू पान चघळत ऐकायची आणि म्हणायची, "उद्या ये." तिचं म्हणणं कधी चुकत नाही अशी तिची ख्याती होती. निदान चुकलं असं तोंडावर सांगायची कुणाची छाती नव्हती.

मी मुंबईला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, राहून इंटर सायन्स झाले होते. गणितात मार्क असे पडले, की आमच्या कॉलेजच्या प्राध्यापकांनी मला बोलावून घेतलं. युनिव्हर्सिटीने निवडक मुलांसाठी वेगळं ऑनर्स कॉलेज काढलं होतं. वर्ग वेगळे, शिकवणारे वेगळे, आणि हॉस्टेलवर राहणं सक्तीचं. साधी बी.एससी. खालाच्या घरून करता आली असती, हे नाही. सुट्टीत दुबईला आले ती हाच प्रश्न घेऊन. पुढच्या बोटीने परतले नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

मला जायचं होतं. इतकं, की जेवण गोड लागत नव्हतं.

फुफूने पहिल्याच दिवशी तोंड सोडलं. "हॉस्टेल? कोण कुठल्या पोरींच्यात? आणि एवढं गणित शिकून करणार काय, खाडीतलं पाणी मोजणार?" मग अम्मीकडे वळून, "तूच लाडावून ठेवलीस हिला." अम्मी मासे साफ करत होती. तिने मान वर केली नाही. फुफूसमोर ती कधीच करायची नाही.

अब्बा म्हणाले, "भांडू नका. बुबू इस्तिखारा करेल. ती सांगेल ते फायनल."

"प्रश्न माझा, कॉलेज माझं," मी म्हटलं, "आणि झोपणार ती?"

"तोंड आवर!" अब्बा ओरडले. फुफू गालातल्या गालात हसली. ते हसू आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

इस्तिखारा लोक रात्री करतात. पण जूनच्या उकाड्यात दुबई रात्री गच्चीवर झोपायची. आजूबाजूच्या गच्च्यांवरचे रेडिओ, खोकणारे म्हातारे, रडणारी पोरं... तिथे कसलं स्वप्न पडणार? म्हणून फुफू दुपारी झोपायची, जोहरच्या नमाजनंतर, बर्जीलखालच्या खोलीत. बर्जील म्हणजे छतावरचा चौकोनी मनोरा, चारी बाजूंनी उघडा. वारा कुठूनही आला तरी तो मनोरा त्याला पकडून खाली खोलीत सोडतो. दुपारी दुकानं बंद असायची, रस्त्यात चिटपाखरू नसायचं, आणि सगळं घर त्या एका खोलीत आडवं व्हायचं.

त्या दिवशी फुफू बरोबर बर्जीलखाली चटईवर किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, तोंड करून निजली. थोड्या वेळात तिचा श्वास संथ चालू लागला. अब्बा भिंतीला टेकून बसले होते. अम्मी आणि मी दाराशी. मी फुफूच्या तोंडाकडे एकटक बघत होते, कारण माझं नशीब त्या तोंडातून बाहेर पडणार होतं आणि मला त्याचा संताप येत होता.

वारा थांबला. थांबला म्हणजे, कुणी वरून झाकण घातल्यासारखा पार बंद झाला. अम्मीच्या ओढणीचं टोक हलत होतं ते खाली पडलं. खोली एकदम तापली.

आणि वरून, बर्जीलच्या आतून, फुफूचा आवाज आला.

"माझ्या माथी का मारता? जिचं आहे तिला विचारा!"

खणखणीत. चिडलेला. अगदी तिचाच... 'माथी' म्हणतानाचा तो तिचा खर्ज, पान खाऊन जड झालेली जीभ, सगळं तेच. आणि फुफू माझ्यापासून दोन हातांवर निजलेली होती, ओठ घट्ट मिटून. मी तिचे ओठ बघत होते हो! हलले नाहीत ते.

अम्मीने माझं मनगट धरलं. तेवढ्यात पुन्हा तेच शब्द आले, या वेळी आणखी मोठ्याने, मारायला उठल्यासारखे. अब्बा ताडकन उठून मनोऱ्याखाली गेले आणि वर पाहू लागले. वर पांढरंफटक आभाळ, बाकी काही नाही. मग ते तसेच गच्चीवर धावले. अनवाणी गेले होते, तळव्यांना चटके बसले. गच्चीवर कुणी नव्हतं. शेजारच्याही गच्च्या रिकाम्या होत्या. त्या उन्हात कोण जाणार मरायला?

ते खाली आले तेव्हा वारा पुन्हा सुरू झाला होता आणि फुफू उठून बसली होती.

"नाही," ती म्हणाली. "काळं पाणी दिसलं. ही त्यात गळ्यापर्यंत बुडालेली. पाठवू नका."

अब्बा घाम पुसत म्हणाले, "बरं, बुबू."

बरं बुबू! आत्ताच छतावरून उतरलेला माणूस, आणि म्हणतो बरं बुबू! मी बोलायला तोंड उघडणार, तोच अम्मी उभी राहिली.

"वरून आवाज आला तो तुमच्या बहिणीचा होता," ती अब्बांना म्हणाली. "मी ऐकला. तुम्ही ऐकलात. हिने ऐकला. आता जिचं आहे तिला विचारा."

"वारा होता तो," अब्बा म्हणाले.

"वाऱ्याला आपली भाषा येते?"

मग जे भांडण पेटलं ते विचारू नका. फुफूने अम्मीला नाही नाही ते ऐकवलं, माहेर काढलं, तिची शिकवणूक काढली. अम्मी एकच वाक्य धरून बसली, की मुलीला स्वतः करू द्या. शेवटी अब्बा म्हणाले, "कर बाई. एकदाचं कर."

दुसऱ्या दुपारी त्याच चटईवर मी झोपले. नमाज पढले, दुआ मागितली, सगळं जसं सांगितलंय तसं केलं. मेल्यासारखी झोप लागली. उठले तेव्हा तिघं माझ्याभोवती बसलेले, निकाल लागायचा असल्यासारखे.

"काय दिसलं?" अब्बांनी विचारलं.

हिरवं शेत दिसलं म्हटलं असतं, तरी चाललं असतं. कोण तपासणार होतं? पण त्या दोन दिवसांत मला या सगळ्या स्वप्नांचा इतका वीट आला होता, की मी म्हटलं, "काही नाही."

"बघा!" फुफूने टाळी वाजवली.

"काहीच दिसलं नाही," मी म्हटलं, "आणि मी जाणार आहे. मला ते गणित शिकायचंय. तुमच्यापैकी कुणाला दुसरं काही दिसलं असेल तर ते तुमच्यापाशी ठेवा."

अब्बा छताकडे एकदा पाहून अम्मीला म्हणाले, "बोटीचं बघतो." मला परवानगी मिळाली खरी, पण त्याचा सल अजून आहे. माझे मार्क त्यांनी मानले नाहीत, प्राध्यापकांचा शब्द मानला नाही. छतावरच्या एका आवाजाला घाबरून त्यांनी मला शिकू दिलं. कधी कधी वाटतं, तो आवाज आला नसता तर बरं झालं असतं, मग मी भांडून गेले असते.

ऑनर्स सोपं नव्हतं. पहिल्या वर्षी मी हॉस्टेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडत असे, आणि फुफूचं काळं पाणी हेच का, असंही मनात यायचं. पण तरले. फुफूने माझ्याशी बोलणं टाकलं होतं. इस्तिखारेही तिने बंद केले होते. देऱ्याहून लोक यायचे, आणि ती त्यांना दारातूनच हाकलून द्यायची.

पास झाल्यावर दुबईला आले. मुंबईची बर्फी घेऊन तिच्यापुढे बसले. तिने तुकडा उचलला, माझ्याकडे बघितलं नाही. मला राहवेना.

"फुफू, त्या दुपारी तू झोपेत बोललीस का गं?"

"झोपलं होतं कोण?" ती म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट माझ्याशी. "डोळे मिटून पडले होते. तुम्ही ऐकलंत तेच मी ऐकलं."

"मग काळं पाणी?"

"ते मी म्हटलं."

"आणि वरून आलं ते?"

"ते मी नाही म्हटलं."

"अगं, मग ऐकूनसुद्धा 'नाही' का म्हणालीस?"

"माझ्याच आवाजात कुणी मला दरडावणार," फुफू म्हणाली, "आणि मी मान डोलावणार होय?"

कुणाचा होता तो आवाज, मला नाही सांगता येत. तिलाही आलं नाही, आणि अब्बा तर शेवटपर्यंत वारा, वारा करत गेले. तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर खुशाल लिहा, माझा विश्वास बसेलच असं नाही. त्या दिवशी फुफूने बर्फी संपवली, बोटं पुसली, पुन्हा माझ्याकडे पाठ केली आणि स्वयंपाकघरातल्या अम्मीला हाक मारून म्हणाली, "हिला सांग, माझं 'नाही' अजून 'नाही'च आहे."